लांबून गेलेली बोट आणि काठाचा खुंटा

प्रश्न असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या येडूरच्या खालच्या अंगाला कृष्णेच्या घाटालगत दोन नावा बांधलेल्या असतात, एक १८ फुटी लाकडी आणि एक १४ फुटी फायबरची. पाणी वाढलं की इंजिनाच्या बोटी फिरू लागतात, कधी माणसं नेणारी लाँच, कधी बचाव पथकाची रबरी बोट. बोट नदीच्या मध्यातून, चांगली लांबून जाते, तरी नावा घाटावर आदळतात. एकदा खुंटा उपटून आला. एकदा फायबरच्या नावेची पुढची कडी आजूबाजूच्या कपच्यासकट फाटून निघाली. गोव्यात मांडवीवर बार्ज गेली की असंच होतं म्हणतात. दोर जाड घ्यावा का? आणि कडी त्याच जागी परत बसवली तर चालेल का?

दोर जाड घेऊन उपयोग नाही, हे आधी सांगतो. १२ मिलिमीटरचा चांगला नवा नायलॉन दोर अडीच टनांच्या आसपास ताण सोसतो. तुमची लाकडी नाव रिकामी ४०० किलोच्या घरात असेल, फायबरची त्याच्या निम्म्याहून कमी. गेलं काय ते बघा: खुंटा उपटला, कडी फाटली, दोर शाबूत राहिला. दोर आणखी जाड केलात तर तो आणखी कमी ताणला जाईल आणि पुढच्या खेपेला कडीऐवजी पुढची फळीच हातात येईल.

नुकसान करतो तो हिसका. ढिल्या दोरावर नाव लाटेबरोबर मोकळी पळते, वेग घेते, आणि दोर संपला की जागच्या जागी थांबते. ४०० किलोची नाव सेकंदाला १ मीटर वेगाने सरकते आहे असं धरा, म्हणजे माणसाच्या चालण्याहून कमी. दोराने तिला २ सेंटिमीटरमध्ये थांबवलं तर सरासरी ओढ १ टनाची बसते, आणि ऐन हिसक्याच्या क्षणी ती त्याहून बरीच जास्त असते. तीच नाव २० सेंटिमीटरमध्ये थांबली तर ओढ १०० किलोची. लाट तीच आणि नावही तीच, फक्त थांबायला जागा दसपट मिळाली. म्हणून दोरात ढील नको, पण लवचीकपणा हवा. खाली बांधण्याबद्दल जे लिहिलं आहे ते बहुतेक याच हिशेबातून निघतं.

याच हिशेबात नावेत साठलेलं पावसाचं पाणीही धरा. १८ फुटी नावेत १० सेंटिमीटर पाणी म्हणजे तीन-साडेतीनशे लिटर. नावेचं वजन जवळपास दुप्पट, त्यामुळे हिसकाही त्याच प्रमाणात वाढतो. शिवाय ते पाणी इकडून तिकडे धावतं आणि नाव एका अंगावर कलली की सावरू देत नाही. झडीच्या पावसात रोज सकाळ-संध्याकाळ पाणी उपसायचं, दोराकडे त्यानंतर बघायचं.

आता मांडवीचं. नदी तशी आपल्याच भागातली. खानापूर तालुक्यात देगावजवळ म्हादई म्हणून निघते आणि गोव्यात गेल्यावर मांडवी होते. पण तिथे खनिज वाहणाऱ्या दीड-दोन हजार टनांच्या बार्ज चालत आल्या आहेत. २०१२ च्या खाणबंदीनंतर वर्दळ घटली, पण बार्ज गेली की काय होतं ते काठावरच्या होडीवाल्यांना पाठ आहे. एवढं धूड अरुंद पात्रातून जातं तेव्हा लाटेच्या आधीच एक गोष्ट घडते. बार्जच्या पुढ्यातलं पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी मागे धावतं आणि त्या पट्ट्यात पाण्याची पातळीच खाली बसते. समजा पात्र ६० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल आहे; बार्ज १२ मीटर रुंद, अडीच मीटर पाण्यात बुडालेली. म्हणजे पात्राचा सहावा हिस्सा तिनेच अडवला. ती ताशी ९ किलोमीटरने चालली तर बाजूचं पाणी सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त वेगाने उलटं वाहतं आणि पातळी २० ते २५ सेंटिमीटर उतरते. काठाला बांधलेली होडी आधी येणाऱ्या बार्जकडे ओढली जाते, बार्ज बरोबरीला आली की नदीच्या मध्याकडे, आणि पुढे निघाली की तिच्यामागे. तळाखाली पाणी कमी असेल तर होडी मध्येच तळाला टेकते, मग पाणी परत येतं आणि तिला उचलून आपटतं. भरती-ओहोटीचा दोन मीटरच्या आसपासचा फरक वर आहेच.

कृष्णेवर यातलं काही नाही. १२ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर बुडणारी लाँच घ्या आणि १५० मीटर रुंद, ४ मीटर खोल पात्र घ्या. लाँचने पात्राचा अर्धा टक्काही अडवलेला नसतो. पातळी उतरत नाही, उलटा प्रवाह जाणवत नाही. घटप्रभा आणि मलप्रभा २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत आहेत म्हणून इकडेही जहाजं येतील, असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि आपलं काम करा. तुमच्या नावांपर्यंत पोचते ती निव्वळ लाट, आणि ती किती मोठी हे बोटीच्या आकारापेक्षा बोट चालवणाऱ्याच्या हातावर ठरतं.

बोटीची पाण्याला टेकलेली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि साडेचारने गुणा. जो आकडा येईल तो ताशी किलोमीटरमध्ये त्या बोटीचा अडचणीचा वेग. ४ मीटर टेकणाऱ्या रबरी बोटीचा ९, १२ मीटरच्या लाँचचा साडेपंधरा. या वेगाला बोटीने उठवलेली लाट बरोबर बोटीएवढी लांब होते, बोट स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते, नाक वर आणि मागचं टोक खाली. इंजिनाची सगळी ताकद मग पाणी उचलण्यात जाते. लाँच या चढापलीकडे जाऊच शकत नाही. हलकी रबरी बोट २५-४० हॉर्सपॉवरच्या इंजिनावर ताशी १८-२० च्या पुढे गेली की चढ ओलांडून पाण्यावर घसरू लागते, आणि तेव्हा तिची लाट उलट लहान होते.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. घाट दिसला की चालवणारा थ्रॉटल अर्ध्यावर आणतो. त्याच्या दृष्टीने त्याने काळजी घेतली. प्रत्यक्षात घसरणारी बोट पुन्हा चढावर आली आणि फेरीतली सर्वांत मोठी लाट तिने नेमकी तुमच्या घाटासमोर सोडली. वेग कमी करायचा तर घाटाच्या निदान दीडशे मीटर आधी, आणि अर्ध्यावर नाही, पार खाली. वरच्या आकड्याच्या ६० टक्क्यांत राहिलं की लाट नावापुरती उरते: रबरी बोटीला ताशी ५-६ किलोमीटर, लाँचला ९. ओळख सोपी आहे. बोटीचं नाक सपाट दिसतंय आणि मागे पांढरं पाणी नाही, म्हणजे वेग बरोबर. नाक आभाळाकडे असेल तर बोट कितीही सावकाश वाटली तरी लाट येणार.

हा वेग पाण्यातला, काठावरून दिसणारा नाही. पुरात प्रवाह ताशी ६-७ किलोमीटरचा असताना वर, म्हणजे प्रवाहाविरुद्ध, जाणारी बोट काठावरच्या माणसाला पायी चालल्यासारखी दिसते, पण पाण्यात ती १२-१३ ने चाललेली असते. उजाणीला जाणाऱ्या बोटीची लाट मोठी का, याचं उत्तर हेच. काठावरून ‘सावकाश घ्या’ म्हणून ओरडून काही होत नाही कारण चालवणाऱ्याला तो सावकाशच वाटतो. बोटवाल्यांशी आधी बोलून ठेवणं बरं: वर जाताना शक्यतो पलीकडच्या काठाने, घाटासमोर वळण न घेता. वळताना आतल्या बाजूच्या लाटा एकमेकींवर चढतात.

पलीकडच्या काठाने जाण्याचा फायदा मात्र लोकांना वाटतो तेवढा नाही. बाजूला फुटणारी लाट अंतराबरोबर फार हळू मावळते. ५० मीटरऐवजी १०० मीटरवरून बोट गेली तर लाटेची उंची जेमतेम पाचव्या हिश्श्याने कमी होते. म्हणून ‘लांबून तर गेली’ हे समाधान खोटं. अंतर दुप्पट करण्यापेक्षा वेग निम्मा करणं कितीतरी मोलाचं.

अंतराचा एक परिणाम मात्र लक्षात ठेवावा, तो वेळेचा. लाटेची कडा बोटीच्या मागे पसरत जाते. संथ पाण्यात ५० मीटरवरून ताशी ११ किलोमीटरने गेलेल्या बोटीची लाट घाटाला पाऊण मिनिटाने लागते, १०० मीटरवरून गेलेली दीड मिनिटाने. तोवर बोट दिसेनाशी होते, बायका परत धुण्याला वाकतात, कोणीतरी नावेत एक पाय टाकतो. हातापायांची बोटं चिरडतात ती याच वेळी, नावेचा काठ आणि घाटाचा दगड यांच्यामध्ये. बोट गेली की लाटा येऊन पुरत्या ओसरेपर्यंत नावेत चढ-उतार बंद, हा नियम घाटावर पाळावा. पुरत्या का, तर आठ-दहा लाटांचा जथा येऊन गेल्यावर समोरच्या भिंतीवरून परतलेला दुसरा जथा येतो.

लाटांमधलं अंतरही वेळेतच मोजतात. सेकंदाला ३ मीटरने, म्हणजे ताशी ११ ने, चाललेल्या बोटीच्या मागच्या लाटा सुमारे दोन सेकंदांनी एक अशा येतात. १४ ते १८ फुटी नाव आडवी हलवून सोडली तर तिचा एक झोकाही दोन-तीन सेकंदांचाच असतो. दोन्ही जुळले की प्रत्येक लाट आधीच्या झोक्यात भर घालते आणि तिसऱ्या-चौथ्या लाटेला काठावरून पाणी आत येतं. लाट उंच नसतानाही नाव का भरली, याचं कारण बहुधा हे. नाव काठाला समांतर बांधली की लाट तिच्या बगलेत बसते. पुढचं टोक नदीकडे करून बांधली तर तीच नाव फक्त पुढे-मागे डुलते. लाकडी नावेसाठी मी हीच पद्धत सांगेन, निदान प्रवाह फार नसेल तेव्हा. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातल्यानंतर, दिवाळीपासून पुढे पाणी तुंबलेलं असतं, तेव्हा यात काहीच अडचण नाही.

पूर शेतात शिरल्यावर हिशेब बदलतो. उथळ पाण्यात लाटेलाच वेगाची मर्यादा असते: १ मीटर खोलीला ताशी ११ किलोमीटर, २ मीटरला १६, ४ मीटरला साडेबावीस. बोट नेमकी त्या वेगाने चालली की लाट तिच्यापुढे जाऊ शकत नाही आणि मागेही राहत नाही; पाणी साचत जाऊन एक सलग भिंत तयार होते. २००५, २०१९, २०२१ च्या पुरात मांजरी, इंगळी, जुगूळ, कुडची भागात गल्लीत नि मळीत कमरेपासून डोक्यापर्यंत पाणी होतं. एवढ्या खोलीला बचाव बोटीचा नेहमीचा मधला वेग बरोबर या मर्यादेवर पडतो. चार दिवस भिजलेली मातीची भिंत अशा लाटेने बसते. गल्लीत बांधलेल्या नावा आणि काहिली (गुऱ्हाळाच्या मोठ्या कढया) एकमेकींवर आपटतात. वस्तीत चालण्याच्या वेगाने, ताशी ४-५ किलोमीटरने जायचं, आणि शक्य तिथे इंजिन बंद करून वल्ह्याने किंवा काठीने.

काहिलीबद्दल एकच सांगतो. गुऱ्हाळाची काहील पुरात माणसं काढायला वापरतात, नाइलाज असतो हे समजतं. पण तिचा तळ सपाट, काठ बुटका, आणि एका बाजूला दोन माणसं सरकली की तो काठ पाण्याला टेकतो. तिच्याजवळून इंजिनाची बोट वेगाने नेणं म्हणजे तिला बुडवणंच. आणि ती पाण्यात बांधून ठेवू नये, कामाखेरीज काठावर पालथी असावी.

आता बांधणं. पहिली गोष्ट, फायबरची नाव रोज बांधून ठेवायचीच कशाला? दीडशे किलोची नाव चार माणसं बांबूच्या रुळांवरून वर ओढतात. वर पालथी घालून, तरीही दोराने बांधून ठेवा, कारण कोयनेतून पाणी सोडलं आणि वर पाऊस लागला की रातोरात पाणी तिथवर येतं. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे अर्धी काठावर नि अर्धी पाण्यात ओढलेली नाव. लाट मागचं टोक उचलते आणि खाली सोडते, पुढचं टोक दगडावर टेकलेलं असतं, सगळा वाक मधल्या फळ्यांवर येतो. लाकडी नावेचे खिळे सैल होतात, तळाच्या सांध्यातला कापूस आणि डांबर निघतं आणि मालक म्हणतो नाव जुनी झाली. एक तर पूर्ण वर काढा, नाहीतर तळाखाली निदान अर्धा मीटर पाणी ठेवा.

लाकडी नाव पाण्यातच ठेवावी लागते, नाहीतर फळ्या सुकून सांधे उघडतात. तिला घाटाला लगटून न बांधता घाटापासून १५-२० फूट बाहेर ठेवायची. त्यासाठी फिरता दोर लावतात. नदीत घाटापासून दोर-साखळीच्या लांबीहून (ती पुढे सांगितली आहे) चांगला बाहेर आणि थोडा वरच्या प्रवाहाच्या अंगाला नांगर टाका. नांगराला तीन-चार मीटर साखळी, पुढे दोर, आणि दोराच्या वरच्या टोकाला तरंगता डबा व एक लोखंडी कडी. नांगरापासून डब्यापर्यंत दोर-साखळी मिळून पाण्याच्या खोलीच्या पाचपट हवी. ४ मीटर खोली असेल तर २० मीटर. कमी दिलात तर नांगरावरची ओढ वरच्या दिशेने होते आणि तो निघतो. एवढ्या लांबीने डबा खूप फिरतो असं वाटलं तर लांबी कमी न करता दोराच्या मध्यावर ८-१० किलोचा दगड किंवा जुनी वजनं लटकवा. त्या वजनाने दोर खाली झुकतो आणि लाटेला तो झोळ आधी सरळ करावा लागतो, तोच लवचीकपणा. मग कडीतून एक लांब दोर ओवून त्याची दोन्ही टोकं घाटावर आणून जोडा. नावेचं पुढचं टोक या फेऱ्याला बांधायचं. एक बाजू ओढली की नाव बाहेर जाते, दुसरी ओढली की घाटाला येते. मागच्या टोकाला घाटावरून दुसरा दोर, ढील न ठेवता. पाणी जोरात वाढायला लागलं की हा सगळा थाट काढून नाव आत, संथ पाण्यात आणायची. पुरात वाहून येणारी झाडं दोरात अडकली तर कुठलाच नांगर टिकत नाही. जलपर्णीचंही तसंच. तिचा थर आखूड लाटा चांगल्या मारतो हे खरं, पण प्रवाह सुरू झाला की दोरावर टनाचा भार तीच आणते, तेव्हा काढून टाकत जा.

घाटाला लगटूनच बांधायची वेळ आली तर दोनऐवजी चार दोर लावा. पुढच्या टोकाचा पुढे, मागच्या टोकाचा मागे, आणि दोन तिरपे: एक पुढच्या टोकापासून निघून घाटावर मागच्या बाजूला जाणारा, दुसरा मागच्या टोकापासून निघून पुढे जाणारा. नावेचं पुढे-मागे पळणं हे तिरपे दोर थांबवतात, तुमच्याकडे बहुधा तेच नाहीत. दोर लांब ठेवा. १ मीटरच्या दोराला नाव ३० सेंटिमीटर वर उचलली गेली तर जवळपास साडेचार सेंटिमीटर जास्त लांबी लागते, ४ मीटरच्या दोराला फक्त एक सेंटिमीटरहून जरा जास्त. म्हणून लांब दोर ताठ बांधता येतो. आखूड दोरात ढील ठेवावीच लागते आणि मग हिसका आलाच.

बाजारात ‘नायलॉन’ म्हणून जो निळा-पिवळा दोर मिळतो, बोअरच्या मोटरीला बांधतात तो, तो बहुतेक वेळा नायलॉन नसतो, पॉलिप्रॉपिलीन असतो. एक तुकडा बादलीत टाका. तरंगला तर तो कमी ताणणारा आणि उन्हात दोन-तीन वर्षांत भुसभुशीत होणारा. बुडाला तर नायलॉन असण्याची शक्यता जास्त. फिरत्या दोरासाठी तरंगणारा सोयीचा आहे, पण ओढ घेणारे चारही दोर नायलॉनचे हवेत. १४ फुटीला १० मिलिमीटर, १८ फुटीला १२ पुरे. नायलॉन मिळत नसेल तर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची दोन इंच रुंद पट्टी कापून ती दोराच्या मधल्या भागात लावा: दोराचा मीटरभर भाग झोळासारखा सैल सोडायचा आणि त्या झोळाची दोन टोकं अर्ध्या मीटरच्या रबरी पट्टीने तीन-चार पदरी जोडायची. आधी रबर ताणतं, ते पुरेसं ताणलं की दोर भार घेतो. रबर उन्हाने तडकतं, दर वर्षी मृगाआधी बदला.

दोर तुटतो तो बहुतेक घासून, आणि घाटाच्या काळ्या दगडाची कड हे त्याचं ठिकाण. ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची लॅटरल फूटभर कापून दोर तिच्यातून ओवला की काम होतं, १२ चा दोर तिच्यात बसतो. काठाकडच्या टोकाला दोन पूर्ण वेढे देऊन त्यावर दोन अर्ध्या गाठी माराव्यात, कारण ताण असतानाही ती सुटते. न सरकणारा फास नावेकडच्या टोकाला असावा. पाणी वाढताना ताणलेल्या दोराचा फास सुटत नाही आणि मग कोयता शोधावा लागतो. कोणतीही गाठ दोराची ताकद पाव ते निम्म्याने कमी करते, म्हणून तुटलेला दोर मध्ये गाठ मारून पुन्हा वापरणं थांबवा.

मोटरीच्या सक्शन पाइपाला नाव बांधण्याची सवय नदीकाठी सगळीकडे आहे. लाटेच्या प्रत्येक हिसक्याला पाइपाचा जोड हलतो, एक दिवस हवा धरतो, आणि मोटर पाणी उचलत नाही म्हणून फूटव्हॉल्व्हला दोष जातो.

खुंटा का उपटला? काळी माती कोरडी असताना पहारीलाही दाद देत नाही, पण भिजली की लोण्यासारखी. उन्हाळ्यात ठोकलेला खुंटा उन्हाळ्यातच तपासला तर घट्टच लागणार. दीड-दोन इंची जीआय पाइपचा ५ फुटी खुंटा घ्या, साडेतीन फूट आत जाऊ द्या, डोकं नदीपासून मागे झुकलेलं ठेवा. त्याच्या मागे, दोराच्या ओळीत, चार-पाच फुटांवर दुसरा तसाच खुंटा, आणि पुढच्या खुंट्याच्या डोक्यापासून मागच्याच्या बुडाशी ताठ दोर. नावेचा दोर पुढच्या खुंट्याला, अगदी जमिनीलगत. उंच बांधला की खुंटा तरफेसारखा उचलला जातो. तुमचा बहुधा असाच निघाला.

कायमची जागा असेल तर पुरलेला ओंडका सगळ्यांत चांगला. ४ फूट लांब, ६ इंच जाड बाभळीचा ओंडका ३ फूट खोल चरात नदीला समांतर पुरायचा, मधोमध साखळी गुंडाळून ती तिरप्या खाचेतून बाहेर काढायची. मातीतल्या भागात दोर नको, कुजतो. जागा काठाच्या कडेवर नको. कृष्णेचा काठ पूर चढताना क्वचित खचतो, उतरताना खचतो: बाहेरचं पाणी झपाट्याने खाली जातं आणि आतली माती भिजून जड असते. काठाची जितकी उंची त्याच्या निदान दुप्पट मागे ओंडका हवा. कडेवरच्या झाडालाही याच कारणाने बांधू नये.

दोन नावा एकमेकींना खेटून बांधलेल्या असतील तर वेगळ्या करा. लाकडी आणि फायबरची नाव वेगवेगळ्या लयीत डोलतात, एकीचा काठ वर येतो तेव्हा दुसरीचा खाली जातो, आणि मार नेहमी फायबरला बसतो. निदान एका नावेएवढं अंतर ठेवा. घाटाच्या बाजूला नुसते स्कूटरचे टायर टांगून भागत नाही, कारण पायऱ्यांचा घाट असल्याने पाण्याबरोबर टेकण्याची जागा बदलते. शिवाय नाव लाटेच्या खोलगटात उतरली असताना काठ पायरीच्या पुढे आलेल्या कडेखाली अडकतो आणि पुढची लाट तिला वर उचलते. नाव तिथेच उलटते. घाटावर सहा-सहा फुटांवर जाड बांबू उभे बांधा, तळ पाण्याखालच्या पायरीवर टेकवून, म्हणजे काठ त्यांवरून वर-खाली सरकेल. आणि टायर टांगलेच तर खालच्या बाजूला भोक पाडा, पाणी साठून ते जड होतात. सरळ उभी दगडी भिंत किंवा पुलाचा खांब जवळ असेल तर ती जागाच टाळा. परतलेली लाट येणाऱ्या लाटेवर चढली की उंची जवळपास दुप्पट होते. उताराचा मातीचा काठ दिसायला गैरसोयीचा, पण लाट तिथे विरते.

राहिली कडी. त्याच जागी परत बसवू नका. ती बहुधा वरच्या काठाजवळ होती. तिथून ओढ लागली की पुढचं टोक लाटेवर चढण्याऐवजी खाली दाबलं जातं. नवी जागा पुढच्या टोकाच्या मध्यरेषेवर, रिकामी नाव तरंगत असताना पाण्यापासून १५ ते २० सेंटिमीटर वर. स्क्रू नको, १० मिलिमीटरचा यू-बोल्ट आरपार, आतून किमान ४ इंच लांब-रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पत्रा, आणि पत्रा नि नावेची भिंत यांच्यामध्ये १२ मिलिमीटरचा मरीन प्लायचा ६ इंची चौकोन, मॅट (काचतंतूंची चादर) आणि रेझिनमध्ये पूर्ण बंद केलेला. उघड्या प्लायमध्ये बोल्टच्या भोकातून पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत तो स्पंज होतो, म्हणून भोकालाही आतून रेझिन पाजा.

जुनी फाटलेली जागा नुसती लांबी (पुट्टी) भरून बंद केली तर पुढच्या हिसक्याला चीर तिथूनच पुढे जाईल. सैल झालेला, पांढुरका पडलेला सगळा भाग घट्ट फायबर लागेपर्यंत कापून काढा. कडा उतरती घासा, जाडीच्या बारापट: ५ मिलिमीटर जाडीला चारही बाजूंनी ६ सेंटिमीटर. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर भरतो, त्यामुळे पाच थर, लहानापासून मोठ्यापर्यंत. १ किलो रेझिनला १० ते २० मिलिलिटर हार्डनर, ऊन जास्त तर कमी, ऊन कमी तर जास्त. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) वेगळा मिळाला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि मगच हार्डनर घालायचा. हे दोन थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होतो. श्रावणाच्या दमट हवेत हे काम करू नका, मॅट ओल धरते आणि थर चिकट राहतात. तोपर्यंत नाव वर पालथी असू द्या. यू-बोल्टच्या नटांवर वर्षातून एकदा पाना फिरवा आणि आतल्या पत्र्याभोवती केसासारख्या चिरा दिसतात का ते बघा. चिरा ताऱ्यासारख्या पसरलेल्या असतील तर पत्रा लहान पडतो आहे, तो ६ इंची करा.